कफनाचे किती संच ठेवावेत? सरासरीचा हिशोब आणि चिठ्ठ्यांची पिशवी



दुकानात किती माल ठेवावा, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला रोज पडतो. जास्त ठेवला तर भांडवल अडकते, कमी ठेवला तर गिऱ्हाईक परत जाते. बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर सरासरीवरून काढतात. आम्हीही आयुष्यभर तसेच केले. या पद्धतीत एक मोठी चूक दडलेली आहे आणि ती आम्हाला एका रात्री फार वाईट रीतीने कळली.

भोरसारख्या गावातल्या कापड दुकानात कफनाचे कापड ठेवावेच लागते. पांढरा लठ्ठा, पुरेसा पन्हा, सोबत कापूर, अत्तर आणि कापूस. पुरुषासाठी तीन कापडे, स्त्रीसाठी पाच. एका मय्यतीला लागणारे सगळे सामान आम्ही एकत्र बांधून ठेवतो, त्याला या लेखात ‘संच’ म्हणू. यात आम्ही नफा धरत नाही. ही सेवा आहे आणि तिच्यात कुचराई होऊ नये अशी इच्छा असते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्री उशिरा, वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरून दोघे जण आले. घरात मय्यत झाली होती. त्या महिन्यात आमच्याकडचे संच आधीच संपले होते. दुकानात पांढरे कापड होते, पण ते कमी पन्ह्याचे. नसरापुरात आणि कापूरहोळला फोन लावले, तिथेही तयार काही नव्हते. शेवटी तेच अरुंद कापड जोडून दिले. आलेल्या माणसांनी तक्रार केली नाही, उलट दुआ देऊन गेले. आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. जो माणूस शेवटचा कपडा मागायला आला, त्याला आम्ही जोडलेला कपडा दिला.

सकाळी वही काढून बसलो. मागच्या दोन वर्षांत किती संच गेले ते मोजले. समजण्यास सोपे व्हावे म्हणून आकडे गोल करून देतो. २४ महिन्यांत ४८ संच, म्हणजे महिन्याला सरासरी २. आम्ही दर महिन्याला पुण्याच्या घाऊक बाजारातून माल आणतो आणि महिन्याच्या सुरुवातीला संच दोन भरतील असे पाहतो. हिशोब बरोबर वाटत होता. मग माल कमी का पडला?

सरासरी खरी, पण अपुरी

वही पुन्हा पाहिली, तेव्हा लक्षात आले की सरासरी दोन असली तरी दर महिन्याला दोन मय्यती होत नव्हत्या. कुठल्या महिन्यात एकही नाही, कुठल्या महिन्यात एक, कुठे तीन आणि एखाद्या महिन्यात पाच. नदीची सरासरी खोली कमरेएवढी आहे म्हणून कोणी डोळे मिटून नीरेत उतरत नाही. आम्ही मात्र व्यापारात नेमके तेच करत होतो.

आमचा भाचा कॉलेजात संख्याशास्त्र शिकला आहे. त्याला वही दाखवली. तो म्हणाला, “मामू, हे तर पॉयझन आहे!” आम्ही दचकलो. मग कळले की ते एका फ्रेंच गणितज्ञाचे नाव आहे, विषाशी त्याचा संबंध नाही. सिमेऑन दनी प्वासाँ (१७८१–१८४०) यांनी १८३७ मध्ये न्यायालयांतील निवाड्यांच्या संभाव्यतेवर एक ग्रंथ लिहिला. विरळ घडणाऱ्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील, याचे गणित त्यात आले. त्याला प्वासाँ वितरण म्हणतात. ‘वितरण’ म्हणजे वाटणी. शंभर महिन्यांपैकी किती महिन्यांत शून्य, कितींमध्ये एक, कितींमध्ये दोन, ही ती वाटणी.

पिशवी आणि पंधरा चिठ्ठ्या

हे गणित पुस्तकातून समजले नसते. भाच्याने ते चिठ्ठ्यांवर दाखवले, तसेच आम्ही येथे सांगतो.

महिन्याचे ३० दिवस धरा. महिन्याला सरासरी दोन घटना, म्हणजे पंधरा दिवसांत एक. एका पिशवीत सारख्या आकाराच्या पंधरा चिठ्ठ्या टाका. त्यातल्या एकीवर खूण करा, चौदा कोऱ्या ठेवा. आता एक चिठ्ठी काढा. कोरी निघाली तर तो दिवस रिकामा, खुणेची निघाली तर त्या दिवशी संच लागला. चिठ्ठी परत पिशवीत टाका, नीट हलवा आणि दुसऱ्या दिवसाची काढा. अशा तीस वेळा चिठ्ठ्या काढल्या की एक महिना झाला. खुणेची चिठ्ठी किती वेळा निघाली ते लिहून ठेवा.

चिठ्ठी दर वेळी परत टाकायची, ही यातली मुख्य अट आहे. कारण कालची घटना आजच्या घटनेला आणत नाही आणि थांबवतही नाही. ‘या महिन्यात तीन झाल्या, आता काही दिवस होणार नाहीत’ असे पिशवीला ठाऊक नसते.

आता महिना पूर्ण रिकामा जाण्याची शक्यता पाहू. एक दिवस रिकामा जाण्याची शक्यता पंधरात चौदा. तीस दिवस ओळीने रिकामे जाण्यासाठी चौदा भागिले पंधरा हा आकडा तीस वेळा गुणावा लागतो. उत्तर येते ०.१२६, म्हणजे शंभरात साडेबारा महिने. पण दिवस हा तुकडा जरा मोठा आहे. एका दिवसात दोन घटनाही घडू शकतात. म्हणून दिवसाचे दोन भाग करा. ६० तुकडे, पिशवीत ३० चिठ्ठ्या, खुणेची एक. आता उत्तर ०.१३१. तासातासाचे तुकडे केले, तर ०.१३५. तुकडे कितीही बारीक केले तरी उत्तर ०.१३५३ च्या पुढे जात नाही. जिथे ते थांबते तेच प्वासाँचे उत्तर.

कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत

हा आकडा काढण्याची सोपी रीत अशी. गणितात २.७१८ ही एक ठरलेली संख्या आहे. १ ला तिने भागायचे, सरासरी जितकी असेल तितक्या वेळा. आपली सरासरी दोन, म्हणून दोनदा भागा. येते ०.१३५३. ही शून्याची शक्यता. सरासरीत अर्धा असेल तर त्या अर्ध्यासाठी एकदा १.६४९ ने भागा.

पुढचे आकडे त्याच आकड्यातून निघतात. सरासरीने गुणायचे आणि ओळीने १, २, ३, ४ ने भागत जायचे. ०.१३५३ गुणिले २ भागिले १, ही एकाची शक्यता. त्याला पुन्हा २ ने गुणून २ ने भागले की दोनाची. मग २ ने गुणून ३ ने भागले की तीनाची. शंभर महिन्यांची वाटणी गोल आकड्यांत अशी येते:

एकही नाही – १४ महिने
एक – २७ महिने
दोन – २७ महिने
तीन – १८ महिने
चार – ९ महिने
पाच – ४ महिने
सहा किंवा अधिक – १ महिना

हा तक्ता पाहून आम्ही थक्क झालो. दोन संच ठेवले तर तीन, चार, पाच आणि सहाच्या महिन्यांत माल कमी पडणार. १८, ९, ४ आणि १ मिळून ३२. शंभरात बत्तीस महिने, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या महिन्याला! सरासरीएवढा माल ठेवणारा दुकानदार स्वतःला सावध समजतो, पण तो दर तिसऱ्या महिन्याला कोणाला तरी परत पाठवतो. तीन संच ठेवले तर शंभरात १४ महिने तुटवडा, चार ठेवले तर ५, पाच ठेवले तर दोनहून कमी.

सरासरी २ आणि संच ५. हे तीन जादा संच फाजील नाहीत. त्या रात्री आमच्याकडे हेच तीन नव्हते.

नक्कल कशाला करायची?

तक्ता हातात असताना चिठ्ठ्यांचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. तक्ता फक्त एका महिन्याचे सांगतो. दुकान महिन्यामागून महिना चालते. कधी फेरी चुकते, कधी माल उशिरा येतो. अशा वेळी खोटे महिने तयार करून आपला नियम त्यांच्यावर चालवून पाहावा. यालाच इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात, आपण त्याला नक्कल म्हणू. कागदावर तुटवडा आला तर कोणाचे नुकसान होत नाही.

रोजची एक याप्रमाणे तीस चिठ्ठ्या काढण्याऐवजी महिन्याला एकच काढता येते. शंभर चिठ्ठ्या करा, ०० ते ९९ आकडे घाला. वरच्या तक्त्याप्रमाणे त्यांची वाटणी करा. ०० ते १३ निघाली तर शून्य. १४ ते ४० तर एक. ४१ ते ६७ तर दोन. ६८ ते ८५ तर तीन. ८६ ते ९४ तर चार. ९५ ते ९८ तर पाच. ९९ तर सहा.

उदाहरणासाठी बारा चिठ्ठ्या घेऊ: ३७, ७१, ०८, ५५, ९२, २४, ६३, ११, ८०, ४०, ९७, ३३. त्यावरून बारा महिन्यांची मागणी अशी येते: १, ३, ०, २, ४, १, २, ०, ३, १, ५, १. एकूण २३, म्हणजे सरासरी दोनच्या जवळ. आता नियम लावा. दर महिन्याच्या सुरुवातीला दोन संच पुरे करण्याचा जुना नियम लावला तर चार महिन्यांत माल संपतो आणि सात घरांना नाही म्हणावे लागते. चार संचांचा नियम लावला तर एकाच महिन्यात एक घर परत जाते. पाचांचा लावला तर एकही नाही.

आता पावसाळा धरा. डोंगरातला रस्ता बंद किंवा तब्येत बरी नाही, आणि एका महिन्याची पुण्याची फेरी चुकली. मग पाच संचांवर दोन महिने काढायचे. अकराव्या आणि बाराव्या महिन्याची मागणी ५ आणि १, म्हणजे सहा. एक कमी पडला. अशा दोन-दोन चिठ्ठ्यांच्या पुष्कळ जोड्या काढल्या की दिसते, पाच संच दोन महिन्यांना शंभरात सुमारे २१ वेळा पुरत नाहीत. आठ ठेवले तर तुटवडा शंभरात दोनवर येतो. गंमत पाहा, काळ दुप्पट झाला तरी पाचाचे दहा करावे लागले नाहीत, आठ पुरले. म्हणून आम्ही जूनच्या आधी आठ संच बांधून ठेवतो आणि बाकी वर्षभर पाच.

घरात मुलांजवळ संगणक असेल तर हेच काम क्षणात होते. अमेरिकेचे डोनाल्ड क्नुथ यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात दिलेली एक रीत फार सोपी आहे. ० आणि १ यांमधले दशांश आकडे चिठ्ठीसारखे काढत जायचे आणि एकमेकांशी गुणत जायचे. गुणाकार ०.१३५ च्या खाली गेला की थांबायचे. जितके आकडे काढले त्यातून एक वजा केला की त्या महिन्याची मागणी मिळते. समजा ०.६२, ०.८१, ०.४५ आणि ०.३८ निघाले. पहिल्या तिघांचा गुणाकार ०.२२६, चौथ्याने गुणल्यावर ०.०८६. चार आकडे लागले, म्हणून मागणी तीन. अशी हजार महिन्यांची नक्कल चहा थंड होण्याआधी होते.

हा जुगार नाही काय?

चिठ्ठ्या काढण्याचे ऐकून आमच्या एका बुजुर्ग मित्राने कपाळाला आठ्या घातल्या. शंका रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. जुगारात पैज असते, एकाचे गेलेले दुसऱ्याला मिळते. येथे पैज नाही आणि कोणाचे काही जात नाही. चिठ्ठी ही फक्त वहीतल्या अनुभवाची नक्कल आहे.

दुसरी शंका याहून मोठी. मृत्यूची वेळ आणि जागा अल्लाहखेरीज कोणालाच ठाऊक नाही, हा आपला ईमान आहे. मग हा हिशोब कसला? बंधूंनो, हे गणित कोण जाईल ते सांगत नाही आणि कधी जाईल तेही सांगत नाही. उलट, ‘आपल्याला ते कळत नाही’ या कबुलीपासूनच त्याची सुरुवात होते. कळत नसेल तर तयारी किती ठेवावी, एवढेच ते सांगते. आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवले, ते लोकांच्या गरजेसाठी. भाव वाढवण्यासाठी माल दडपून ठेवणे वेगळे आणि गरज भागावी म्हणून राखणे वेगळे.

ही विद्या आपल्याला परकीही नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहिली. अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून तर ‘अल्गोरिदम’ हा शब्दच बनला. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांनी चिठ्ठीच्याच तत्त्वावर शेते निवडून पिकाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीला देशात पक्का पाया दिला. चिठ्ठी हा पोरखेळ नाही.

घोड्यांच्या लाथा आणि लंडनचे बॉम्ब

हे गणित खऱ्या घटनांना लागू पडते काय? त्याचा प्रसिद्ध दाखला १८९८ चा आहे. लादिस्लाउस फॉन बोर्टकेविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले याची नोंद तपासली. दहा तुकड्यांची वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी, एकूण १२२ मृत्यू. सरासरी ०.६१. प्रत्यक्षात १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीत चार. प्वासाँच्या रीतीने हिशोब केला तर येतात सुमारे १०९, ६६, २०, ४ आणि १. वरची कॅल्क्युलेटरची रीत वापरून आम्ही स्वतः हे पडताळले आहे, आपणही पडताळा.

दुसरा दाखला महायुद्धाचा. १९४४ मध्ये लंडनवर जर्मन उडते बॉम्ब पडू लागले. काही भागांत ते पुन्हा पुन्हा पडत होते, तेव्हा लोकांना वाटले की शत्रू नेम धरून मारतो आहे. १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचे सारख्या आकाराचे ५७६ चौकोन पाडून ५३७ बॉम्ब त्यांत मोजले. २२९ चौकोनांत एकही नव्हता, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार आणि एका चौकोनात त्याहून अधिक. प्वासाँचा अंदाज साधारण हाच. म्हणजे जे घोळके दिसत होते ते निव्वळ इत्तेफाकाने झालेले होते.

व्यापाऱ्याने यातून मोठा धडा घ्यावा. एका महिन्यात पाच मय्यती झाल्या की गावात कुजबुज सुरू होते, कोणी नजर लागल्याचे म्हणतो, कोणी पाण्याला दोष देतो. दुकानात एखादी साडी एका आठवड्यात पाच वेळा गेली की आपण चाळीस मागवतो, तीन आठवडे गेली नाही की तिला कोपऱ्यात टाकतो. तक्ता सांगतो की सरासरी दोन असताना पाचाचा महिना कोणत्याही कारणाशिवाय अधूनमधून येणारच. एका चांगल्या आठवड्यावर भाळून उधारीचा माल भरणारे कितीतरी जण आम्ही पाहिले आहेत.

कोठे लागू पडत नाही

हे गणित प्रत्येक मालाला लावू नका. घटना एकेकटी आणि स्वतंत्र घडत असेल तरच ते चालते. रमजान ईदचे कापड, जूनमधले शाळेचे गणवेश, लग्नाचा बस्ता, यांची मागणी एकाच कारणाने एकदम येते. एक लग्न ठरले की वीस साड्या जातात. तेथे हा तक्ता फसवतो.

मृत्यूच्या बाबतीतही तसेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे एकाच सकाळी गेली. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोना आला, तेव्हा एकाच्या आजाराने दुसरा आजारी पडत होता. पंधरात एक खुणेची चिठ्ठी असलेली ती पिशवी त्या दिवसांत उरली नव्हती. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून माणसाने माणसाला मदत करायची असते.

आपला माल या गणितात बसतो की नाही, हे तपासण्याची एक खूण आहे. प्रत्येक महिन्याचा आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा, त्याचा वर्ग करा आणि त्या वर्गांची सरासरी घ्या. ती मूळ सरासरीच्या जवळ आली तर प्वासाँ चालेल. वरच्या बारा महिन्यांत दोनपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २७ येते. बाराने भागा, सव्वादोन. दोनच्या जवळच आहे. हाच आकडा सहा-आठ आला असता, तर मागणीमागे एखादे छुपे कारण आहे असे समजावे आणि ते शोधावे.

आणखी एक सावधगिरी. आपली सरासरीही अंदाजच असते. २४ महिन्यांत ४८ संच गेले. ४८ चे वर्गमूळ सुमारे ७. म्हणजे इत्तेफाकाने ४१ किंवा ५५ ही जाऊ शकले असते. खरी सरासरी २.३ असेल तर पाच संचांवर तुटवडा शंभरात दोनऐवजी तीन महिने येईल. म्हणून वही जितकी जुनी तितकी चांगली आणि दरवर्षी सरासरी नव्याने काढावी.

कारागिरांनी काय करावे

शिंप्याच्या मशीनचा पट्टा तुटणे, पिंजाऱ्याच्या यंत्राचा भाग निकामी होणे, वरंध घाटाच्या वाटेवरच्या गॅरेजवाल्याकडे एखादा ठरावीक सुटा भाग मागणारी गाडी येणे, या सगळ्या विरळ आणि स्वतंत्र घटना आहेत. सहा महिने त्या फक्त वहीत मांडा. मग वरच्या रीतीने तक्ता करा. मात्र किती तुटवडा सोसायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. कफनाचा लठ्ठा पडून राहिला तरी त्याची फॅशन जात नाही आणि नाही म्हणण्याची किंमत फार मोठी, म्हणून आम्ही पाचापर्यंत जातो. फॅशनची साडी पडून राहिली तर घाट्यात काढावी लागते, तेथे तिनावर थांबणे शहाणपणाचे. आणि जादा माल व्याजाच्या पैशाने भरायचा असेल, तर तो न भरलेलाच बरा.

एकट्याने नको

शेवटी एक विनंती. समजा भोरकडची सरासरी दीड आणि वेल्ह्याकडची अर्धा आहे. दोन्हीकडच्या दुकानदारांनी वेगवेगळी तयारी ठेवली, तर शंभरात दोनहून अधिक वेळा कमी पडू नये यासाठी भोरला चार आणि वेल्ह्याला दोन, मिळून सहा संच लागतात. दोघांनी मिळून साठा ठेवला तर पाचांत तेवढीच खात्री मिळते. दोन विरळ घटनांची बेरीजही प्वासाँचीच वाटणी पाळते आणि एकाच्या रिकाम्या महिन्यात दुसऱ्याची गरज भागते. यालाच आपण जमाअत म्हणतो, गणिताने ते आकड्यांत सांगितले इतकेच. रस्ता लांबचा आहे म्हणून एक-दोन संच डोंगराच्या बाजूला असावेत, बाकीचे भोरला, आणि दोघांकडे एकमेकांचा फोन नंबर. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मंजुरी दिली. नाव कोणतेही असो, वाडी तीच, घाट तेच आणि पाऊसही तोच.

आम्ही आता दुकानात एक पातळ वही वेगळी ठेवली आहे. महिन्याचे नाव आणि पुढे एक आकडा, बस्स. कोणाचेही नाव त्यात नाही. त्या रात्री आलेल्या दोघांना आम्ही पुन्हा कधी पाहिले नाही, त्यांची माफी मागण्याची संधी मिळाली नाही. आता कोणत्याही रात्री शटर वाजले तर माणूस जोडलेले कापड घेऊन जाऊ नये, एवढीच धडपड आहे. ज्यांच्या दुकानात कफनाचे कापड असते त्यांनी आज रात्री आपली वही काढून पाहावी. सरासरी किती ते लिहावे आणि मग सरासरीवर थांबू नये.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि गरजेच्या वेळी कोणालाही आपल्या दारातून रिकाम्या हाताने परत जाऊ न देवो. आमीन.